सूया चिकन आणि आपल्या सुया

एका ताईंनी विचारलंय : घरी पश्चिम आफ्रिकेचं ते तिखट 'सुया चिकन' करायचंय, तर सळईवर खोचतात म्हणून त्याला सुया म्हणतात का, म्हणजे आपल्या 'सुई'चंच अनेकवचन तिकडे गेलं का? आणि पुढे विचारलंय की लोखंडी सळई घ्यावी की लाकडी काडी, आणि मसाल्यात पीनट बटर चालेल का.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर : नाही, नाही आणि नाही. हे "सुयांना टोचतात म्हणून सुया" मी आता इतक्या वेळा ऐकलंय, रेसिपीच्या व्हिडिओत, लग्नाच्या पंगतीत, परवा तर शेजारच्या गच्चीवर शेगडी पेटवताना एका काकांनी चारचौघांत ठणकावून सांगितलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. पटायला इतकं सोपं आहे ना, तिथेच घोळ होतो. सारखा आवाज, जवळचा अर्थ, झाली व्युत्पत्ती तयार! शब्दांची नाती अशी जुळत नाहीत हो. आपली सुई आली संस्कृत सूचीवरून, मधे प्राकृतात सूई, मग सुई, अनेकवचन सुया, सरळ रस्ता आहे. आणि तो पदार्थ आहे उत्तर नायजेरिया आणि नायजरमधल्या हौसा लोकांचा, शब्दही हौसा भाषेचा. ही भाषा चाड शाखेतली, लांबून अरबीच्या गोतावळ्यात बसणारी, तिचं आणि संस्कृतचं घराणंच वेगळं.

हौसात 'सोया' म्हणजे तळणे, आणि त्यावरून झालेलं नाम 'सूया' म्हणजे तळण, तळण्याची क्रिया. दोन्ही स्वर दीर्घ आहेत, सूऽयाऽ. म्हणून मी तरी दीर्घ ऊ घालून 'सूया' लिहितो आणि सगळ्यांनी तसंच लिहावं असं माझं म्हणणं आहे, म्हणजे शिवणाच्या डब्यातल्या सुयांशी घोटाळा होणार नाही. कुणी म्हणेल मराठीच्या नियमाने शेवटच्या आधीचा उकार ऱ्हस्व. तो नियम आपल्या घरच्या शब्दांना लावा, पाहुण्याला त्याच्या उच्चारानं बोलवावं. हौसात स्वराला किती किंमत आहे बघा : 'सोयाय्ये' म्हणजे तळलेलं आणि 'सोयाय्या' म्हणजे प्रेम! शेवटचा एक स्वर बदलला की कढईतून थेट काळजात. (प्रेमाचा तो शब्द 'सो' म्हणजे हवं असणे, आवडणे यावरून आलाय, तळण्याशी त्याचा संबंध नाही, उगाच तिथेही नवीन गोष्ट रचू नका.)

ह्याच 'सोया'मुळे अजून एक गोंधळ होतो तो इथेच सांगून टाकतो. कॅमेरूनमध्ये ह्या पदार्थाला सूया न म्हणता सरळ 'सोया' म्हणतात. तिकडे कुणी शाकाहारी मराठी माणूस गेला आणि संध्याकाळी कोपऱ्यावर 'सोया' विकताना दिसलं तर ते सोयाबीन नाही, मांस आहे. सोयाबीनमधला सोया जपानी 'शोयू'वरून डच लोकांच्या मार्फत युरोपात आला आणि तिथून आपल्याकडे. म्हणजे आपली सुया, हौसांची सूया आणि जपान्यांचा शोयू, तीन वेगळ्या गावचे तीन वाटसरू, एकाच धर्मशाळेत भेटले एवढंच.

आता खरी गंमत. कुणीही विचारेल की बाबा, हे तर निखाऱ्यावर भाजतात, मग नाव तळण्याचं का? हा प्रश्न मला कुणी विचारत नाही आणि मला तर ह्याच प्रश्नाने झोप लागत नाही. एक तर काड्यांवर सारखं शेंगदाणा तेल सोडत असतात, ते निखाऱ्यावर पडतं, चर्र होतं, मांस वरून तेलातच शिजतं. दुसरं म्हणजे खुद्द हौसा मुलखात काडीला खोचलेल्या मांसाला खरं नाव आहे 'त्सिरे', आणि त्यात खोचण्याचा अर्थ आहे. म्हणजे ताई, तुम्ही शोधत होता तो टोचण्याचा अर्थ आहे, पण तो ह्या दुसऱ्या शब्दात! ह्यातला 'त्स' आपल्या चमच्यातल्या, चाकातल्या 'च'च्या जवळचा, फक्त घसा आवळून झटक्यात सोडायचा. सूया हे मोठं छत्र आहे, त्याखाली त्सिरे येतं, वाळवून केलेलं किलिशी येतं, बिनमसाल्याचं भाजलेलं बालंगू येतं. दक्षिण नायजेरियातल्या योरुबा, इग्बो लोकांनी छत्राचं नाव उचललं आणि ते काडीवरच्या मांसाला चिकटवलं, तेच नाव लागोसहून लंडनला गेलं आणि तिथून फोनवर आपल्यापर्यंत आलं.

आणि ह्याचा आरसा आपल्या घरात आहे! आपली भजी. भजी तळतात ना? मग त्यांचं नाव कशावरून आलं? भाजण्यावरून! संस्कृतात धातू आहे भ्रस्ज्, धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, त्याचा अर्थ दिलाय 'पाके', फक्त शिजवणे, कशात आणि कशावर ते काही सांगितलेलं नाही. त्याचं रूप भृज्जति, प्राकृतात भज्जइ, मराठीत भाजणे. त्याच कुळातली भाजी, त्याच कुळातली भाजणी आणि त्याच कुळातली भजी. म्हणजे भजी तेलात तळतात पण नाव भाजण्याचं, आणि सूया निखाऱ्यावर भाजतात पण नाव तळण्याचं. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी रात्री साडेअकराला मावसभावाला लागोसला फोन केला होता. तो तिकडे नोकरीला आहे, त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दादा, इथले हौसा सूयावाले पण मला हेच सांगतात, आम्ही त्सिरे म्हणतो, सूया तुम्ही म्हणता."

माझा ठाम समज असा आहे की जुन्या स्वैपाकाच्या क्रियापदांना भांड्याशी देणंघेणं नव्हतं, विस्तवाशी होतं. विस्तवाने पदार्थ कडक, खरपूस झाला की एक शब्द पुरे. तेल किती, कढई की निखारा, हे फरक नंतर आले, तेल स्वस्त झाल्यावर. आपण आजही उकळतं तेल अंगावर उडालं तर "हात भाजला" म्हणतो, "हात तळला" कुणी म्हणत नाही. जे विद्वान भाजीचा संबंध भज् म्हणजे वाटून देणे ह्या धातूशी लावतात, जेवणात वाटली जाते ती भाजी वगैरे, त्यांना माझा एवढाच सवाल आहे की मग भाताला भाजी का नाही म्हणत, तोही वाटतातच की. आवाज जुळला म्हणून अर्थ ओढून आणायचा, म्हणजे गच्चीवरच्या काकांनी सुयांचं जे केलं तेच, फक्त संस्कृतात.

आता इथपर्यंत आलोच आहोत तर काडीवरच्या मांसाला आपल्याकडचा जुना शब्द कोणता तेही सांगतो. अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या शब्दकोशात, एकदम तीन शब्द आहेत : शूलाकृत, भटित्र, शूल्य. शूल म्हणजे अणकुचीदार सळई, त्यावर भाजलेलं ते शूल्य. पण माझं प्रेम मधल्यावर आहे, भटित्र. आणि माझं मत असं (हे माझं मत आहे, पण फार वर्षं घासून पाहिलेलं आहे) की आपलं भरीत ह्या भटित्रातूनच आलंय. भटित्र, मग भडित, मग भरीत. लोक काय म्हणतात, तर भरित म्हणजे भरलेलं, म्हणून भरीत. अहो पण भरताच्या वांग्यात भरतात काय? भरतात ती भरली वांगी, तो वेगळा पदार्थ, वेगळ्या चवीचा, वेगळ्या दिवसाचा! भरताचं वांगं विस्तवावर भाजतात, खानदेशात तर तुरीच्या नाहीतर कपाशीच्या काड्यांच्या जाळावर, साल काळी करकरीत होईपर्यंत, आणि त्या धुराच्या वासाशिवाय त्याला कुणी भरीत म्हणणार नाही. पदार्थाचा प्राण भाजण्यात आहे तर नाव भरण्यावरून कसं येईल? ट चा ड होतो हे सगळ्यांना मान्य, घटाचा घडा झाला, वटाचा वड झाला. ड चा र कसा झाला असं मला एका व्याकरणवाल्या मित्राने खिंडीत गाठून विचारलं होतं. माझं उत्तर, 'भरित' हा ओळखीचा शब्द शेजारीच उभा होता, त्याने ओढून नेला. लोकांच्या जिभेवर अनोळखी शब्द ओळखीच्या शब्दासारखे होतातच, सूयाची सुया झाली ना आपल्या डोळ्यांदेखत! मित्राला पटलं नाही, अजून नाही पटलं, पण त्याच्याकडे दुसरं बरं उत्तर पण नाहीये.

बरं, मसाला. ह्या मसाल्याचं नाव 'याजी'. आणि हे भाषांतर करायला मराठीइतकी सोयीची भाषा नाही, कारण हौसात याजी म्हणजे जिभेला झोंबणारा तिखटपणा आणि याजी म्हणजेच ती पूड. आपलं 'तिखट' अगदी असंच आहे, आमटी तिखट झाली आणि आमटीत तिखट टाक, चव पण तिखट आणि डब्यातली पूड पण तिखट. तेव्हा "सूया स्पाइस मिक्स" म्हणण्यापेक्षा सूयाचं तिखट म्हणा, कसं चपखल बसतं बघा.

आणि पीनट बटर? नाही चालणार. ह्याचाही मला राग येतो, जो उठतो तो "सूया म्हणजे पीनट सॉस" म्हणतो. सॉस नाहीये, कोरडी पूड आहे. तिच्यात पडतं ते 'कुली-कुली', आणि कुली-कुली म्हणजे शेंगदाणे भाजून, वाटून, दाबून तेल काढल्यावर जे उरतं त्याच्या कड्या नाहीतर कांड्या वळून त्याच तेलात तळलेल्या. मराठीत ह्याला नेमका शब्द आहे, पेंड! फक्त आपण पेंड म्हटलं की गोठा आठवतो, आणि तिकडे तोच चोथा माणसं कुडुमकुडुम खातात आणि कुटून मांसाला लावतात. उत्तर नायजेरियातल्या कानो शहरात एकेकाळी भुईमुगाच्या पोत्यांचे मनोरे रचायचे, पिरॅमिडसारखे, रेल्वेने लागोस बंदरात जाण्याआधी. जिथे तेल इतकं निघतं तिथे पेंडीची पाककला फुलणारच. आणि भुईमूग काय, मिरची काय, दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले, ते त्यांच्याकडे आणि आपल्याकडे दोन्हीकडे समुद्रानेच आले. खरं नातं शोधायचंच असेल तर ते इथे आहे, सुईत नाही.

घरी कुली-कुली मिळत नाही, तेव्हा मी असं करतो. एक वाटी शेंगदाणे खमंग भाजायचे, सोलायचे, मिक्सरला थांबत थांबत फिरवायचे, सलग फिरवलं की तेल सुटून गोळा होतो. मग ते कूट सुती फडक्यात बांधून घट्ट पिळायचं, मग पाट्याखाली दाबून अर्धा तास ठेवायचं. फडक्यावर तेलाचा पिवळट डाग पसरत जातो आणि आत कोरडा, हाताने चुरा होणारा चोथा राहतो, तो हवाय आपल्याला. तेलकट कूट लावलं तर ते मांसाला न धरता निखाऱ्यात गळतं आणि करपतं. त्या चोथ्यात मोठे दोन चमचे सुंठपूड, तितकंच लाल तिखट, कांद्याची पूड, मिरी, मीठ, आणि तिकडे सर्रास घालतात तो मॅगीचा क्यूब (नूडल्स नव्हे, रश्शाची मसाल्याची वडी) चुरून. किम्बा नावाची लांबट काळी शेंग पण पडते, धुरकट वासाची, ती इथे मिळणं कठीण, नसली तर नसू दे.

अर्धा किलो बोनलेस चिकन, मांडीचं घ्या, छातीचं कोरडं पडतं. खरं तर सूया मूळची गोमांसाची, पण कोंबडीची पण करतात, हौसात कोंबडी म्हणजे 'काझा'. तुकडे चौकोनी नकोत, आपण टिक्क्याला करतो तसे तर अजिबात नकोत, पातळ पट्ट्या कापा आणि काडीवर पसरट ताणून खोचा. वरून शेंगदाणा तेल, मग पूड दाबून लावायची, तासभर ठेवायचं. निखाऱ्यावर आठ-दहा मिनिटं, उलटून पालटून, मधे एकदा तेलाचा हात, जाड भाग कापून बघायचा, आतला रस स्वच्छ निघाला आणि गुलाबी दिसलं नाही म्हणजे झालं. बरोबर कच्चा कांदा, टोमॅटो, कोबी, आणि वरून आणखी कोरडं याजी. लागोसला हे वर्तमानपत्रात गुंडाळून देतात, संध्याकाळनंतर, आणि विकणारा तो 'मैसूया', म्हणजे सूयावाला, आपण 'वाला' मागे लावतो, हौसा 'मै' पुढे लावतात. अनेकवचन मासूसूया. माझ्या मावसभावाच्या बायकोला पहिले सहा महिने वाटत होतं की मैसूया ही कोणीतरी माई आहे.

आणि हो, काडी की सळई ते राहिलंच. लाकडी काडी घ्या, अर्धा तास पाण्यात भिजवून, नाहीतर टोकं पेटतात. तिकडेही काडीच असते, हौसात 'त्सिंके', आणि घानात ह्याच पदार्थाला जे चिचिंगा म्हणतात ना, ते मला ह्या त्सिंकेचंच द्विरुक्त झालेलं रूप वाटतं, आपण बारीक-बारीक, काडी-काडी म्हणतो तसं, पण त्यावर वेगळं लिहायला लागेल.