कपात चमचा, ग्लासवर चकती

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

एम्डेनला शिकायला निघालीस, म्हणजे पूर्व फ्रिसलँडात राहणार. जर्मनी बिअरचा देश खरा, पण हा कोपरा चहाचा. तिथली चहाची रीत २०१६ पासून जर्मनीच्या सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत आहे, आणि पत्ती बरीचशी आपल्या आसामची. कोणी घरी बोलावलं की आधी चहाच पुढे येईल, म्हणून हे नीट समजून घे.

किटली गरम पाण्याने विसळतात. माणशी एक चमचा पत्ती, वर किटलीच्या नावाने एक. उकळतं पाणी ओतून ३ ते ५ मिनिटं झाकून ठेवायचं. पत्ती दुधात उकळायची नाही. कपात आधी खडीसाखरेचा मोठा खडा, क्लुंटये. गरम चहा पडला की तो तडतडतो. मग छोट्या चमच्याने कपाच्या कडेने क्रीम सोडायचं. ते खाली जाऊन ढगासारखं वर येतं. दुधाचा असा ढग होत नाही, म्हणून क्रीमच हवं.

आपला हात चुकतो तो यापुढे. चमचा दिसला की आपण ढवळतो. तू ढवळू नकोस. आधी क्रीमचा मऊपणा, मग चहाचा कडवटपणा, तळाशी गोडवा, अशी चव पायरीपायरीने यायला हवी. शिवाय न ढवळलेला खडा पुढच्या कपालाही पुरतो. किमान तीन कप घेण्याचा रिवाज आहे. पुरे झालं की चमचा कपात ठेव. ‘नको, नको’ म्हणत चमचा बशीतच राहू दिलास, तर कप पुन्हा भरला जाईल.

कोलोनला गेलीस तर तिथेही हीच गत. क्योल्श बिअर ०.२ लिटरच्या उभट ग्लासात येते, कारण मोठ्या ग्लासात तिचा फेस लवकर बसतो. ग्लास रिकामा झाला की वाढपी न विचारता दुसरा ठेवतो आणि ग्लासाखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर रेघ ओढतो. थांबायचं असेल तर तीच चकती ग्लासवर ठेवायची. ती हरवू नकोस, बिल त्या रेघांवरूनच होतं. शाकाहारी असशील तर ‘हाल्वे हान’ बिनधास्त मागव: नावात कोंबडा आहे, पण ताटलीत राय पाव, चीज, मोहरी आणि कांदा.

पाण्याचं लक्षात ठेव. नुसतं ‘वासर’ म्हटलंस तर बहुतेकदा सोड्यासारखं फसफसणारं आणि विकतचं येतं. साधं हवं तर ‘श्टिलेस वासर’. नळाचं पाणी घरी खुशाल पी, पण हॉटेलने ते फुकट द्यावंच असं नाही. जेवणासोबत आप्फेलशोर्ले, म्हणजे सोडा मिसळलेला सफरचंदाचा रस, कुठेही मिळतो आणि बिअर पिणाऱ्यांच्या टेबलावर कोणाला खटकत नाही. ‘आल्कोहोलफ्राय’, म्हणजे मद्यविरहित, असं लिहिलेल्या बिअरमध्ये मात्र ०.५ टक्क्यापर्यंत मद्यार्क चालतो. थेंबही नको असेल तर बाटलीवर ०.० बघून घे.

कळावे.