मुंबईत ट्रॉलीबस खरंच धावली होती का? धावली असेल तर बंद का केली, आणि आता इलेक्ट्रिक बस आल्यावर ती परत आणता येईल का?

हो, धावली होती. ट्रॉलीबस म्हणजे डोक्यावरच्या तारांतून वीज घेऊन रुळांशिवाय, रबरी टायरवर चालणारी बस. ११ जून १९६२ ला सुरू झाली आणि २४ मार्च १९७१ ला बंद झाली. गवालिया टँक (आजचं ऑगस्ट क्रांती मैदान) ते माझगाव डॉक हा तिचा मार्ग आणि एकूण गाड्या १२. चालवणारी संस्था अर्थातच बेस्ट. ट्रॉलीबस आणि ट्राम एकदमच गेल्या असं पुष्कळजण सांगतात, ते चुकीचं आहे. शेवटची ट्राम बोरीबंदर ते दादर अशी ३१ मार्च १९६४ ला धावली. ट्रॉलीबस त्यानंतरही जवळजवळ सात वर्षं चालू होती, आणि माझ्या मते तिच्या मरणाचं कारण याच सात वर्षांत दडलेलं आहे.

आधी थोडा क्रम लावून घेऊ. मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ ला आली, विजेवरची ७ मे १९०७ ला. पेट्रोलवरची पहिली बस १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी निघाली. ७ ऑगस्ट १९४७ ला हा सगळा कारभार खाजगी कंपनीकडून महापालिकेकडे आला. पुढे ट्रामचे मार्ग एकेक करून बंद होत गेले. रूळ उखडायचे, पण विजेवरची वाहतूक सोडायची नाही, असा विचार जगात जिथे जिथे झाला तिथे ट्रॉलीबस हा ठरलेला पर्याय असे. दिल्लीतही ती मुंबईच्या आधीच सुरू झाली होती.

मुंबईची वेळ मात्र वाईट होती. एकेकाळी जगातलं सर्वांत मोठं ट्रॉलीबस जाळं लंडनचं होतं. ऐन भरात तिथे १,८०० च्या वर गाड्या होत्या. ते जाळं ८ मे १९६२ ला कायमचं बंद झालं आणि त्यानंतर ३४ दिवसांनी मुंबईची पहिली ट्रॉलीबस रस्त्यावर आली. म्हणजे आपण सुरुवात केली तेव्हा ब्रिटनमधली शहरं हे तंत्र मोडीत काढत होती. मोठे ग्राहक गेले की सुटे भाग बनवणारेही हळूहळू दुसऱ्या मालाकडे वळतात. अशा काळात १२ गाड्यांचा ताफा उभा करायचा तर तो सांभाळायची सगळी तजवीज स्वतःच करावी लागते.

आता ही गाडी चालते कशी ते नीट समजून घ्या. बंद पडण्याची बहुतेक कारणं तिच्या रचनेतच आहेत.

ट्रामला डोक्यावर एकच तार पुरते, कारण वीज रुळांतून परत जाते. ट्रॉलीबसला रबरी टायर असतात. त्यातून वीज जमिनीत जाऊ शकत नाही, म्हणून परतीसाठी दुसरी तार लागते. दोन तारा साधारण ६० सेंटिमीटर अंतरावर, रस्त्यापासून साडेपाच ते सहा मीटर उंचीवर असतात. त्यात सहसा ५५० ते ६०० व्होल्टचा डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह असतो. टपावर सुमारे सहा मीटर लांबीचे दोन दांडे असतात. स्प्रिंगच्या जोरावर ते तारेला खालून १०-१५ किलोच्या दाबाने टेकलेले असतात. दांड्याच्या टोकाला फिरणारं डोकं आणि त्यात कार्बनचा खाचेचा तुकडा बसवलेला असतो. तार त्या खाचेत घासत जाते. दांडे लांब आणि डोकं फिरतं असल्यामुळे गाडी तारेखालून दोन्ही बाजूंना चारेक मीटर सरकू शकते. थांब्यावर फुटपाथला लागता येतं, उभी हातगाडी चुकवता येते. ट्रामपेक्षा हा मोठाच फायदा होता. गिअरबॉक्स नाही, धूर नाही, उभ्या चढावरही मोटर जोर सोडत नाही.

दुसऱ्या तारेची किंमत फक्त तांब्यापुरती नसते. १०७ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण ०.१७ ओहम असतो. जायची आणि यायची मिळून ०.३४. भरलेली गाडी सुटताना २०० अँपिअर खेचते असं धरा. तारेला वीज पुरवणाऱ्या उपकेंद्रापासून गाडी एक किलोमीटरवर आणि एकाच बाजूने पुरवठा असेल, तर ६८ व्होल्ट तारेतच खर्च होतात. त्याच जागी दोन गाड्या एकदम सुटल्या तर १३६ जातात आणि ६०० ऐवजी हाती ४६४ उरतात. गाड्या रांगायला लागतात. ट्रामचे जाड रूळ परतीचा भार जवळजवळ फुकटात वाहतात, म्हणून ट्रामला हा प्रश्न इतका छळत नाही. यावर उपाय म्हणजे उपकेंद्रं जवळजवळ ठेवणं, तारेला समांतर जाड केबल टाकून मध्येमध्ये जोड देणं आणि दोन्ही बाजूंनी पुरवठा करणं. या प्रत्येक गोष्टीला पैसा लागतो, आणि गाड्या १२ असोत की १२०, तो खर्च फारसा बदलत नाही.

प्रवाशांना दिसणारा त्रास म्हणजे दांडा तारेवरून निसटणं. सरळ रस्त्यावर हे क्वचित घडतं. घडतं ते वळणावर, फाट्यावर आणि दोन मार्गांच्या तारा जिथे एकमेकींना छेदतात तिथे. फाट्यावर तारेत सांधे असतात, रेल्वेच्या सांध्यांचंच काम ते डोक्यावर करतात. काही ठिकाणी चालक मोटर चालू ठेवतो की बंद, यावरून सांधा फिरतो. काही ठिकाणी वाहक खाली उतरून खांबावरची मूठ ओढतो. छेदाच्या जागी एका मार्गाची धन तार दुसऱ्याच्या ऋण तारेला टेकू नये म्हणून मधला तुकडा विसंवाहक, म्हणजे वीज न वाहणारा, असतो. तिथून जाताना चालकाने पाय काढून गाडी नुसत्या वेगावर सरकू द्यायची असते. पाय तसाच राहिला तर ठिणगीची कमान उडते, तुकडा जळतो आणि पुढच्या गाडीचा दांडा त्या जळक्या कडेवर अडतो. वळणावर वेग ताशी १०-१५ किलोमीटरपेक्षा जास्त असला तरी तोच परिणाम. निसटलेला दांडा स्प्रिंगमुळे उसळून आडव्या आधारतारांवर आपटतो आणि कधी त्या तोडूनच खाली येतो. मग लांब बांबूने दांडा परत बसवेपर्यंत गाडी जागची हलत नाही. मागची ट्रॉलीबस त्याच तारांवर असल्यामुळे तीही अडकते. डिझेल बस बंद पडली तर मागची बस बाजूने निघून जाते. इथे मागच्या गाडीचे दांडे खाली ओढून बांधावे लागतात आणि तिला ढकलत किंवा ओढत पुढे न्यावं लागतं.

गवालिया टँक पश्चिमेला आणि माझगाव डॉक पूर्वेच्या बंदरावर. नकाशात बघा, कुठूनही गेलात तरी शहराची रुंदी कापावी लागते आणि रेल्वेमार्गही ओलांडावे लागतात. १९६४ पर्यंत बोरीबंदर-दादर ट्राम दक्षिणोत्तर धावत होती, तिची तारही वाटेत आडवी येणारच. ट्राम आणि ट्रॉलीबसच्या तारांचा छेद ही या साऱ्या व्यवस्थेतली सर्वांत नाजूक जागा. ट्रामच्या दांड्याची वाट आणि ट्रॉलीबसच्या दोन दांड्यांच्या वाटा एकाच सांगाड्यात बसवायच्या, त्यात विसंवाहक तुकडे घालायचे आणि सगळं उन्हात ताणून समपातळीत ठेवायचं. तारा उन्हाने सैल होतात, थंडीत ताठ होतात.

पाऊस हा आणखी वेगळा विषय, आणि मुंबईत तो चार महिन्यांचा. ट्राममध्ये कुठे वीज गळली तर ती लोखंडी चाकांतून सरळ रुळात उतरते. ट्रॉलीबसचं लोखंडी अंग टायरवर उभं असतं. गळती झाली तर पूर्ण सांगाड्यातच वीज येते आणि ती कळते ती चढणाऱ्या माणसाला, एक पाय ओल्या रस्त्यावर आणि हात दारातल्या दांडीवर असताना. म्हणून मोटर, नियंत्रक आणि दांड्यांचे पाये अशा प्रत्येक जागी दुहेरी विद्युतरोधन करतात. पायरी आणि दारातल्या दांड्यांवर रबर किंवा तसंच आवरण देतात. गाडी आगारातून निघण्याआधी गळती मोजतात, आणि ती काही मिलीअँपिअरच्या पुढे गेली तर गाडी बाहेर काढत नाहीत. कार्बनची झिजलेली पूड ओलावा धरते आणि टपावरच्या विसंवाहकांवर काळा थर चढतो. तो रोज पुसला नाही तर पहिल्या जोरदार सरीत गळती सुरू होते. कार्बनचे तुकडेही ओल्या तारेवर फार लवकर झिजतात. कोरड्या दिवसांत आठवडाभर चालणारा तुकडा पावसात दोन-तीन दिवसांत बदलावा लागला तर नवल नाही. त्यात रस्त्यावर पाणी साचलं तर तळाशी असलेली मोटर भिजायचा धोका वेगळाच.

रस्ते खोदले जाण्याचं दुखणंही होतंच. चार मीटर सरकता येतं हे खरं, पण जलवाहिनीसाठी अर्धा रस्ता बंद करून वाहतूक शेजारच्या गल्लीतून वळवली की ट्रॉलीबस तिथेच थांबते, कारण त्या गल्लीवर तार नसते. शेवटच्या थांब्यावर ट्राम नुसता दांडा फिरवून उलटी निघते. ट्रॉलीबसला पूर्ण वळसा घ्यायला जागा लागते आणि त्या वळशावर तारा लागतात. आगारातही तारा लागतात.

आता मूळ मुद्दा. १९६२ मध्ये ही गाडी आली तेव्हा शहरात डीसी वीज, डोक्यावरच्या तारा, तारा दुरुस्त करणारी शिडीची गाडी, लाइनमन, मोटरची गुंडाळी नव्याने भरणारे कारागीर हे सगळं ट्रामसाठी होतंच. त्या पसाऱ्याच्या कडेला १२ गाड्या सहज खपून जातात. मार्च १९६४ नंतर ट्राम गेली आणि तो अख्खा पसारा एका मार्गासाठी उरला. हिशेब करून बघा. १२ पैकी दोन-तीन गाड्या कायम कार्यशाळेत धरा. रस्त्यावर उरतात नऊ-दहा. एक फेरी जाऊन-येऊन तासाभराची मानली तर सहा-सात मिनिटांनी एक गाडी. एवढ्यासाठी वेगळे सुटे भाग, वेगळे प्रशिक्षित चालक, रात्रपाळीचे लाइनमन ठेवायचे. शेजारून शेकडो डिझेल बस एकाच पद्धतीने दुरुस्त होत असताना हे कुठल्याही व्यवस्थापनाला पुढे-मागे जड जाणारच. गाड्यांना वय झालं, बिघाड वाढले, नव्या घेण्याचं समर्थन करता येईना, आणि मार्च १९७१ मध्ये सेवा संपली.

ट्रॉलीबस हे तंत्रच वाईट म्हणून ती गेली, हे मला पटत नाही. सान फ्रान्सिस्को, सिॲटल, व्हँकुव्हर, झ्युरिक, जिनिव्हा इथे ती आजही धावते. त्या शहरांनी जाळं मोठं ठेवलं, अनेक मार्ग एकाच तारेखाली आणले आणि गाड्या वेळेवर बदलल्या. एका मार्गाचं जाळं तगणं कठीण असतं. शिवाय तेव्हा डिझेल स्वस्त होतं. तेलाच्या किमतींचा पहिला मोठा भडका १९७३ च्या अखेरीस उडाला, मुंबईच्या तारा उतरल्यावर अडीच वर्षांनी. तोवर ही सेवा टिकली असती तर निर्णय कदाचित वेगळा झाला असता, असं मला मनापासून वाटतं.

परत आणता येईल का? जुन्या रूपात आणू नये. आज बेस्टकडे बॅटरीच्या बस आहेत. त्यांची अडचण म्हणजे जड बॅटरी आणि आगारात चार्जिंगसाठी उभं राहण्यात जाणारा वेळ. काही युरोपीय शहरांत यावर मधला मार्ग काढलाय. मार्गाच्या साधारण तिसऱ्या हिश्शापासून निम्म्या भागापर्यंतच तार टाकायची. गाडी त्या भागात चालता चालता चार्ज होते आणि उरलेला भाग लहान बॅटरीवर जाते. छेद, सांधे, पूल, अरुंद गल्ल्या अशा सगळ्या कटकटीच्या जागा बिनतारेच्या ठेवता येतात. रस्ता खोदला तर गाडी दांडे खाली घेऊन वळसा घालते. दांडे परत चढवायला ठरावीक जागी तारांवर दिशादर्शक पन्हाळी बसवतात, चालकाला उतरावं लागत नाही. मुंबईत हे करायचंच असेल तर जिथे अनेक मार्ग एकत्र येतात अशा रुंद, सरळ रस्त्यावर तार टाकावी आणि सुरुवातच निदान पाच-सहा मार्गांनी करावी. एका मार्गाचा प्रयोग करून बघू, असं म्हणून पुन्हा १२ गाड्या आणल्या तर हिशेब १९६४ नंतरचाच होईल.

जुन्या फोटोत ही गाडी ओळखायची असेल तर टपावर मागे झुकलेले दोन दांडे आणि डोक्यावर जोडीने जाणाऱ्या दोन तारा पाहा. नुसते रूळ दिसले म्हणून फोटो ट्रामच्या काळातला ठरत नाही, कारण सेवा थांबल्यावरही रूळ रस्त्यात राहू शकतात. पण गाडी ट्रॉलीबसच असेल, तर मुंबईचा तो फोटो जून १९६२ ते मार्च १९७१ यामधलाच, आणि त्याच चौकटीत चालती ट्रामही असेल तर मार्च १९६४ पर्यंतचा.