तालुक्याच्या कोर्टात उभ्या राहणाऱ्या नव्या वकील मुलीस

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

सनद हातात आली आणि तू आपल्या तालुक्याच्या कोर्टातच वकिली करायची ठरवलीस, वर लोकांचं कामही करायचं म्हणतेस, हे वाचून फार आनंद झाला. तालुक्याला वकिलांची वाण नाही. पण गरिबाच्या बाजूने तहसीलमध्ये, पोलीस ठाण्यात, नगरपरिषदेत आणि कोर्टात मुदतीच्या आत नीट कागद दाखल करणारा वकील अजूनही शोधावा लागतो. म्हणून हे पत्र मुख्यतः कागद आणि मुदती यांच्याबद्दल आहे. शिबिरांतली भाषणं आणि संस्थांवरची पदं पुढे आपोआप चालत येतील.

आधी पाया. विधी सेवेच्या, म्हणजे सरकारी मोफत कायदेशीर मदतीच्या, वकिलांच्या पॅनेलवर साधारण तीन वर्षांच्या अनुभवाशिवाय घेत नाहीत, राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या 2010 च्या नियमावलीतच तसं लिहिलं आहे. तेवढ्या काळात दिवाणी आणि महसूल अशी दोन्ही कामं करणाऱ्या सीनियरकडे बस. बरेच ज्युनियर ही वर्षं तारखा घेण्यात आणि पुरसीस (कोर्टाला द्यायचं छोटं लेखी निवेदन) देण्यात घालवतात. तू रोज एक जुनी निकाली फाईल माग. दावा, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), मुद्दे, पुरावा, निकाल या क्रमाने वाच आणि रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, तारखा नक्की कशामुळे पडल्या ते टिपून ठेव. निम्म्या तारखा समन्स न बजावल्यामुळे पडलेल्या दिसतील, आणि समन्स न बजावण्याचं कारण बहुतेकदा दाव्यातला अपुरा पत्ता असतं.

मोफत कायदेशीर मदत ही दया नाही. राज्यघटनेच्या 39-अ अनुच्छेदात ती आहे आणि 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 मध्ये कोणाला मिळते त्याची यादी आहे. इथेच पहिली गफलत होते. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीतली माणसं यांना उत्पन्नाची अट नाही. उत्पन्नाची मर्यादा, जी महाराष्ट्रात वर्षाला 3 लाख रुपये आहे, ती या यादीत न बसणाऱ्यांसाठी आहे. तरीही नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या बाईला कोणीतरी सांगतं, ‘आधी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणा,’ आणि ती पुन्हा येतच नाही. अशा वेळी कलम 12 ची छापील प्रत पुढे कर. ती कायम बॅगेत असू दे, आणि 15100 हा मदत क्रमांक लोकांना तोंडपाठ करून दे.

पात्र माणसाचं काम खासगीत फुकट करण्यापेक्षा तालुका विधी सेवा समितीमार्फत घे. तालुक्यातले सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीश समितीचे अध्यक्ष असतात. साध्या कागदावरचा अर्जही चालतो. समितीमार्फत काम आलं की कोर्ट फी, प्रोसेस फी, नकला यांचा भार पक्षकारावर पडत नाही आणि तू केलेल्या कामाची नोंद राहते. अशा पक्षकाराकडून पुढे एक रुपयाही घ्यायचा नाही. ‘टायपिंगचे तेवढे द्या’ असंही म्हणायचं नाही, आणि कारकुनालाही म्हणू द्यायचं नाही.

आता शेतरस्ता. तुझ्याकडे सगळ्यांत जास्त माणसं यासाठी येतील, आणि सगळ्यांत जास्त अर्ज याच विषयात चुकीच्या कलमाखाली पडतात. रस्ता पूर्वीपासून वहिवाटीत होता आणि शेजाऱ्याने तो नांगरला किंवा अडवला, तर मामलेदार (म्हणजे तहसीलदार) न्यायालय अधिनियम 1906 चं कलम 5 लागतं. अडवणूक झाल्यापासून 6 महिन्यांच्या आत दावा करावा लागतो. त्यावरच्या आदेशाविरुद्ध अपील नाही, पुनरीक्षण (वरिष्ठ अधिकाऱ्याकडून आदेशाची फेरतपासणी) आहे. रस्ताच नाही आणि बांधावरून नव्याने हवा आहे, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम 143. लोक दोन वर्षं गावकीत बसतात, पंच करतात, मग येतात आणि कलम 5 खाली अर्ज टाकतात. तो मुदतीच्या मुद्द्यावरच फेटाळला जातो. म्हणून पहिला प्रश्न एकच विचार: रस्ता नेमका कोणत्या दिवशी अडवला? तारीख सांगता येत नसेल तर पेरणीची होती की काढणीची, सणाच्या आधीची की नंतरची, असं विचारत महिन्यापर्यंत ये. तारीख पुढे ओढून लिहायची नाही. उलटतपासात ती पहिल्या पाच मिनिटांत उघडी पडते.

अर्जासोबत दोन्हीकडच्या जमिनींचे ताजे सातबारे, भूमी अभिलेखकडचा गट नकाशा, लगतच्या सर्व धारकांची नावं-पत्ते आणि हाताने काढलेला कच्चा नकाशा जोड. नकाशात विहीर, झाडं, नाला दाखव, म्हणजे स्थळपाहणीच्या वेळी तहसीलदार साहेबांना जागा कळते. अर्ज फसतात ते बहुधा एकाच शेजाऱ्याला सामनेवाला (विरुद्ध पक्ष) केल्याने. रस्ता तीन गटांतून जात असेल तर तिन्ही गटांचे सगळे धारक लागतात. त्यातला एखादा मयत असून वारस नोंद झालेली नसेल, तर वारस शोधून त्यांना सामील कर. मयताच्या नावे काढलेली नोटीस परत येईल आणि हंगाम निघून जाईल.

वारस नोंदीचंही तसंच. जमीन महसूल संहितेच्या कलम 149 प्रमाणे हक्क मिळाल्यापासून 3 महिन्यांत कळवायचं असतं. मृत्यूचा दाखला, वारसांबद्दलचं शपथपत्र, वंशावळ, सातबारा आणि आठ-अ, एवढं लागतं. वंशावळीत मुली आहेत का, ते तू स्वतः तपास. गावात ‘त्या दिल्या घरी सुखी आहेत’ म्हणून नावं गाळण्याची रीत आहे. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहदायकाचा, म्हणजे मुलाइतकाच, हक्क दिला, आणि 2020 मध्ये विनिता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मतःच असल्याचं स्पष्ट केलं. नाव गाळून नोंद मंजूर झाली असेल तर प्रांताधिकाऱ्यांकडे 60 दिवसांत अपील आहे. उशीर झाला असेल तर विलंबमाफीचा वेगळा अर्ज द्यावा लागतो. त्यात ‘माहिती नव्हती’ एवढंच लिहून भागत नाही. नोंद कोणत्या दिवशी आणि कशी कळली, ते लिही आणि त्या दिवशी काढलेल्या सातबाऱ्याची प्रत जोड. लोकांना हेही समजावून सांग की फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावांतला बदल, ही महसुली नोंद आहे, तिने मालकी ठरत नाही. ज्याचं नाव गळलं त्याचा हक्क संपलेला नसतो, आणि ज्याचं लागलं तो एकटा मालक झालेला नसतो.

हक्कसोडपत्रासाठी भाऊ येईल, बहिणींना सोबत आणेल आणि फी तोच देईल. अशा वेळी बहिणींशी भावाला बाहेर बसवून बोल. कोणता गट, किती क्षेत्र, तिचा हिस्सा अंदाजे किती, आणि सही केल्यावर तो परत मिळत नाही, हे तिला मोकळ्या शब्दांत सांग. स्थावरातला हक्क सोडायचा तर दस्त नोंदणीकृतच हवा. स्टॅम्पवर लिहून नोटरी केलेल्या संमतीपत्राने हक्क जात नाही, पण पुढे वीस वर्षं भांडण मात्र चालतं. तिची इच्छा दिसत नसेल तर दस्त करू नकोस. दुसरा कोणी करून देईल, हे खरं. तरीही तू करू नकोस.

पोटगीच्या कामात मेहनत शपथपत्रावर घे. 1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जुन्या कलम 125 ऐवजी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 आहे. रजनेश वि. नेहा या 2020 च्या निकालाप्रमाणे दोन्ही बाजूंनी उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यायचं असतं, आणि शेतीवर जगणाऱ्यांसाठी त्यात वेगळा नमुना आहे. शहरी नमुना भरून दिला की पगाराचे रकाने रिकामे राहतात आणि नवरा ‘मी मजूर आहे’ म्हणून सुटू पाहतो. तू सातबाऱ्यावरची पीकपाहणी, कारखान्याची ऊसबिलं, डेअरीची दुधाची पावती-वही, ट्रॅक्टरची नोंदणी, सोसायटीचं पीककर्ज असे कागद मिळव. कर्ज किती मंजूर झालं यावरून शेती किती ते दिसतंच. निकाल लागल्यावर बऱ्याच बायका थकबाकीसाठी वाट पाहत बसतात, आणि मोठं नुकसान होतं ते तिथे. रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज केला नाही तर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. म्हणून पोटगीच्या प्रत्येक फाईलवर वसुलीची पुढची तारीख लाल शाईने लिही आणि दर सहा महिन्यांनी अर्ज टाक. बाई येण्याची वाट पाहू नकोस, तिला निरोप धाड.

लोकअदालतीत तडजोड झाली की कोर्ट फी परत मिळते आणि निवाडा हुकूमनाम्यासारखा बजावता येतो. मात्र त्यावर अपील नाही, म्हणून तडजोडीचा मजकूर घाईत लिहू नकोस. त्या दिवशी गर्दी असते आणि ‘ठरल्याप्रमाणे रक्कम देईल’ अशी मोघम वाक्यं पडतात. किती रुपये, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात, हप्ता चुकला तर काय. जमीन असेल तर गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा. हे सगळं आदल्या आठवड्यातच टाईप करून दोन्ही पक्षकारांना वाचून दाखव.

माहिती अधिकाराचा अर्ज लोकांना स्वतः लिहायला शिकव. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. ‘का केलं नाही’ असं विचारलं तर उत्तर मिळत नाही. ‘अमुक तारखेच्या अर्जावरील टिपणी व आदेशाची प्रत द्यावी’ असं मागितलं तर मिळतं. 30 दिवसांत माहिती आली नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील. दाखल्यांसाठी मात्र 2015 चा लोकसेवा हक्क कायदा जास्त उपयोगी पडतो, कारण त्यात प्रत्येक सेवेची मुदत कार्यालयाच्या फलकावरच लिहिलेली असते.

शिबिर घेशील तेव्हा एका शिबिराला एकच विषय ठेव आणि बोलणं पाऊण तासात आटप. खरं काम त्यानंतरच्या टेबलावर होतं. वेळ संध्याकाळची, डेअरीवर दूध घालून झाल्यावरची. आशाताई आणि अंगणवाडी सेविकांना आधी भेटलीस तर बाया येतात, नुसत्या फलकाने येत नाहीत. सोबत विधी स्वयंसेवक, कोरे अर्ज, कोर्ट फी स्टॅम्प आणि एक नोंदवही असू दे. वहीत नाव, गाव, विषय, मुदतीची शेवटची तारीख आणि पुढचं पाऊल एवढे रकाने पुरेत. पंधरा दिवसांनी त्याच गावात पुन्हा जा. पाठपुरावा नसलेल्या शिबिरात लोकांची आशा वाढते आणि मुदत तेवढी संपते, म्हणून दोनदा जाणं जमणार नसेल तर ते गाव घेऊच नकोस.

शाळा, वाचनालय, देवस्थान यांच्या विश्वस्त मंडळांवर तुला बोलावतील. हो म्हणण्याआधी परिशिष्ट-1 चा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीचा, उतारा माग. त्यावर पाच-सात वर्षांपूर्वी वारलेले विश्वस्त दिसले, तर विश्वस्त बदलल्याचे बदल अर्ज दाखल झालेले नाहीत किंवा पडून आहेत असं समज. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 22 प्रमाणे बदल झाल्यापासून 90 दिवसांत अर्ज द्यायचा असतो. तो राहिला की बँक सह्या मानत नाही, अनुदान अडतं आणि नव्या मंडळाच्या अधिकारावर वाद सुरू होतो. अर्जासोबत लागतात ते कागद असे: सभेची नोटीस कधी आणि कशी बजावली याचा पुरावा, हजेरी, ठराव, राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला, नव्या विश्वस्तांची संमती. यातलं नोटिशीचं बजावणीपत्रकच नेमकं सापडत नाही. ते आजपासून जपायला लाव. संस्थेची जागा विकायची, किंवा इमारत 3 वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची, तर कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. अकरा-अकरा महिन्यांचे करार जोडत राहणं हा त्यावरचा उपाय नाही, आणि विश्वस्त म्हणून तू तशा ठरावावर सही करू नकोस. ज्या संस्थेची विश्वस्त आहेस तिचं वकीलपत्र फी घेऊन घेऊ नकोस.

काही नियम नीट पाळावे लागतील. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे तुझ्या पाटीवर कोणत्या संस्थेची अध्यक्ष किंवा सदस्य आहेस, कोणत्या कार्याशी जोडलेली आहेस, हे लिहिता येत नाही. एखाद्या संस्थेने पूर्णवेळ पगारी नोकरी दिली तर वकिली थांबवावी लागते. शिबिरात ज्याला सल्ला दिलास त्याच्याविरुद्ध त्याच वादात उभं राहता येत नाही, म्हणून नवं वकीलपत्र घेण्याआधी ती नोंदवही चाळत जा. छोट्या गावात हे वारंवार घडतं, कारण भावकीतले दोघेही एकाच शिबिराला आलेले असतात.

पोटापाण्याचंही बघ. पहिल्या काही वर्षांत दहा चालू फायलींत मोफतच्या दोन पुरेत. तिसरी आली तर समितीकडे किंवा दुसऱ्या चांगल्या वकिलाकडे पाठव. फुकटच्या कामाला शेवटची तारीख आणि अर्धा तास असं व्हायला लागलं, की त्या पक्षकाराला वकील नसता तरी फारसा फरक पडला नसता.

सध्या एवढंच कर. वर सांगितलेल्या शेतरस्त्याच्या दोन्ही कलमांखाली एकेक काल्पनिक अर्ज लिही. एकात तीन गट आणि एक मयत धारक घाल. डावीकडे मोठा समास सोडून मला पाठव, दुरुस्त्या करून परत धाडते.

कळावे, लोभ असावा.