बसच्या एअर टाकीतून तेल येतं, कार्ट्रिज बदलूनही थांबत नाही. कंप्रेसर बदलावा का?

तुम्ही लिहिलंय की ड्रायरचं (हवेतलं पाणी ओढून घेणाऱ्या यंत्राचं) कार्ट्रिज, म्हणजे दाण्यांचा डबा, वर्षात दोनदा बदललं, तरी टाकीचा ड्रेन (तळाचा पाणी काढायचा नळ) उघडला की काळपट तेल येतंच. मी नागपुरात सिटी बसच्या वर्कशॉपमध्ये अठरा वर्षं ब्रेकचं काम करतोय. माझं म्हणणं, कंप्रेसरला (ब्रेकसाठी हवा दाबून भरणाऱ्या पंपाला) हात लावायच्या आधी तो तेल का मारतोय ते शोधा. नाहीतर नवा कंप्रेसरही काही महिन्यांत तेच करील.

कंप्रेसरला इंजिनाचंच ऑईल जातं, म्हणून थोडं ऑईल पिस्टनच्या रिंगांवरून वर चढणारच. तो सतत लोडवर (हवा भरत) राहिला की प्रमाण वाढतं. सीताबर्डीकडून निघालेली बस दर स्टॉपवर ब्रेक मारते, दार उघडते. त्यात कुठे हवा गळत असेल तर प्रेशर पुरं होत नाही, कंप्रेसरला उसंत मिळत नाही. डिलिव्हरीच्या तोंडाशी, म्हणजे कंप्रेसरमधून बाहेर पडताना, हवा २०० अंशांच्या आसपास तापते, आणि नवतपात आपल्याकडे बाहेरच ४५ अंश असतं, मग पाईप थंड व्हायचा कसा? तेल जळून पाईपात कार्बन धरतो, वाट अरुंद होते, कंप्रेसर आणखी तापतो.

कार्ट्रिज का पुरत नाही ते यातच आहे. हवा गरम असली की तेल वाफेच्या रूपात ड्रायरमधून निघून जातं आणि पुढे टाकीत थंड होऊन साचतं. जे आत अडकतं ते दाण्यांवर थर धरतं, मग दाणे पाणीही ओढत नाहीत. पावसाळ्यात ड्रेनमधून ताकासारखा चिकट गाळ येतो, तो हाच.

तेव्हा आधी गळती बघा. चाकांना लाकडी ठोकळे लावा, प्रेशर पूर्ण भरा, इंजिन बंद करा, दहा मिनिटं काटा बघा. काटा उतरला की साबणाचं पाणी घेऊन दाराचे सिलिंडर, ब्रेक चेंबर (चाकाजवळचे, हवेने ब्रेक दाबणारे डबे), सगळे जॉइंट तपासा. माझ्या अनुभवात दाराकडेच जास्त सापडतं, आणि तिथेच कुणी बघत नाही.

मग कंप्रेसर हवा ओढतो ती वाट. आपल्याकडे सिमेंट रस्त्यांच्या कामांची धूळ काय असते ते तुम्हाला माहीत आहे. फिल्टर चोक झाला की आत व्हॅक्यूम होतो आणि खालचं ऑईल वर खेचलं जातं. तिसरी जागा ऑईल परतीची, जिथून कंप्रेसरचं ऑईल परत इंजिनात उतरतं. गॅस्केटला भरमसाठ सोल्युशन (सील करायचा लेप) लावलं की ते दाबून आत येतं आणि परतीचं भोक बुजवतं. मी स्वतः अशी दोन भोकं तारेने मोकळी केलीत, दोन्ही कंप्रेसर अजून चालू आहेत. या तिन्ही गोष्टी ठीक असूनही तेल येत असेल, तर रिंगा-लाइनर गेले समजा. मग बदला.

हे टाळू नका, कारण तेल ब्रेकपर्यंत जातं. वर्धा रोडवरची एक बस आली होती, ड्रायव्हरची तक्रार एवढीच की गाडी ओढत नाही. मागच्या ड्रमवर पाणी टाकलं तर चरचर आवाज. रिले व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकची हवा सोडणारा-काढणारा) उघडला, आतलं सील तेलाने फुगलेलं. नव्याशेजारी तळहातावर ठेवलं तर फरक डोळ्यांनी दिसत होता. फुगलेलं सील परत सरकेना, म्हणून पाय काढला तरी ब्रेक सुटायला वेळ लागत होता. ते सील मी अजून जपून ठेवलंय, नवीन पोरांना दाखवायला.

एक हात जोडून सांगतो, ही लाईन डिझेल किंवा रॉकेलने धुऊ नका. पाईप चकाचक होतो, पण आतलं रबर संपतं. कार्बन धरलेला डिलिव्हरी पाईप सरळ नवा टाका, आणि ड्रायरकडे उतार राहील असा, मध्ये झोळ नको, तिथे पाणी आणि तेल साचतं. फुगलेली रबरं किट लावून बदला. फक्त स्प्रिंगवाला हॅण्डब्रेकचा चेंबर स्वतः खोलू नका, आतली स्प्रिंग जीव घेते.

नवं कार्ट्रिज सगळ्यात शेवटी. आधी लावलं तर पाईपातलं उरलेलं तेल त्यातच जाईल. त्यानंतर पंधरा दिवस रोज सकाळी ड्रेनसमोर पांढरा पुठ्ठा धरा, त्यावर तारीख आणि गाडी नंबर लिहून ठेवा. पहिले दोन-चार दिवस डाग दिसेल, टाकीत जुनं असतंच. दहाव्या दिवशीही तेवढाच गडद असेल, तर पुठ्ठ्यांचे फोटो इथे टाका, मी बघतो.