चारशेचा मुलगा आठशेला?

प्रश्न : माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. दोन वर्षं 400 मीटर पळतोय. आता त्याचे सर म्हणतात, 800 ला उतर. तेव्हापासून तो रुसून बसलाय. "वेग कमी पडला म्हणून मला तिकडे ढकललं," म्हणतो. सरांचं ऐकावं का?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, श्रीराम सिंग हे नाव त्याने ऐकलंय का, ते आधी विचारा. राजपुताना रायफल्सचे हे जवान, मूळचे राजस्थानचे, तेही आधी 400 च पळायचे. प्रशिक्षक इलियास बाबर यांनी त्यांना 800 ला आणलं. 1970 ला बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. 1974 ला तेहरानमध्ये आणि 1978 ला पुन्हा बँकॉकमध्ये सुवर्ण.

पण मुलाला सांगायची आहे ती 1976 ची माँट्रियल ऑलिंपिकची अंतिम शर्यत. श्रीराम सिंग मागे दबा धरून राहिले नाहीत. पहिली फेरी त्यांनी सुमारे 51 सेकंदांत काढली आणि शेवटच्या फेरीची घंटा वाजली तेव्हा सगळ्या जगाच्या पुढे तेच होते. तुमच्या मुलाला विचारा, 400 मीटर 51 सेकंदांत तो आज एकदा तरी पळेल का? आणि तिथे तर अजून तेवढंच अंतर शिल्लक होतं. ही वेग कमी असलेल्याची शर्यत कशी म्हणायची?

दुसऱ्या फेरीत क्युबाचा अल्बर्टो हुआंतोरेना पुढे निघाला आणि 1:43.50 असा विश्वविक्रम करून जिंकला. श्रीराम सातवे आले, वेळ 1:45.77. पुढून एवढा वेग लावणारं कोणी नसतं, तर तो विश्वविक्रम त्या दिवशी झाला नसता असं माझं ठाम मत आहे. हुआंतोरेनाही मूळचा 400 चाच बरं का. त्याच ऑलिंपिकमध्ये त्याने 400 चंही सुवर्ण घेतलं.

सातव्या क्रमांकाला पदक नसतं. पण ती 1:45.77 ची वेळ भारतात 42 वर्षं कोणाला मोडता आली नाही. 2018 ला जिन्सन जॉन्सनने गुवाहाटीत 1:45.65 नोंदवली तेव्हा कुठे तो विक्रम गेला, तोही 12 शतांश सेकंदांनी.

मी स्वतः तुमच्या मुलाच्याच वयाचा असताना 400 पळायचो. मलाही 800 सुचवलं होतं आणि मी हट्टाने नाही म्हणालो. पुढे कितीतरी मुलांना शिकवताना ते मनात सलत राहिलं. म्हणून एवढं लांबण लावलं.

शेवटच्या दीडशे मीटरला पाय भरून येतात, हात वर जायला लागतात, ते सुरुवातीला नकोसं वाटणारच. त्याला एक पूर्ण मोसम द्या. तोवर 400 सोडायला लावू नका, रिलेतही पळू दे.

आणि सरांना एवढंच विचारा की 200 मीटरचे वेगाचे रिपीट, म्हणजे मध्ये थोडं थांबून तेच अंतर पुन्हा पुन्हा वेगात पळणं, चालू ठेवणार ना? नुसतं रोज सकाळी रस्त्यावर लांब पळवणार असतील, तर मला पुन्हा लिहा.