तेरड्याचा रंग कॅमेऱ्यात का टिकत नाही?

प्रश्न : गौरीच्या सुमारास येऊरच्या वाटेवर मी तेरड्याची छायाचित्रे काढतो. डोळ्यांना दिसतो तो नाजूक गुलाबी रंग छायाचित्रात भडक आणि सपाट येतो, पाकळीवरची एक शीरही दिसत नाही. माझ्याकडे साधा डिजिटल कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स आहे. चूक कॅमेऱ्याची की माझी?
– एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : दोष आपल्या कॅमेऱ्यात नाही, त्याच्या प्रकाश मोजण्याच्या पद्धतीत आहे. चौकटीचा बराचसा भाग गडद हिरव्या पानांनी व्यापलेला असतो, म्हणून कॅमेरा ‘येथे उजेड कमी आहे’ असे समजून जास्त प्रकाश आत घेतो. लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही रंग तो वेगवेगळे नोंदवत असतो. गुलाबी पाकळीत लाल रंगाचे माप इतर दोन रंगांच्या आधी काठोकाठ भरते आणि ते भरले की पुढचे बारीक फरक नोंदलेच जात नाहीत. शिरा नाहीशा होतात त्या येथेच. एकत्रित हिस्टोग्राम (चित्रातला उजेड कमी-जास्त कसा पसरला आहे ते दाखवणारा आलेख) पाहिला तर सारे ठीक वाटते, म्हणून तिन्ही रंगांचे वेगळे हिस्टोग्राम दाखवणारा पर्याय सुरू करावा आणि लाल रंगाचा आलेख उजव्या कडेला टेकत असेल तर एक्स्पोजर, म्हणजे आत येणारा प्रकाश, दोन तृतीयांश ते एक स्टॉपने कमी करावे (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). रंग गडद करणारा ‘व्हिव्हिड’ मोड बंद ठेवावा आणि शक्य असेल तर रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात चित्र घ्यावे.

आभाळ भरून आलेले असणे तेरड्याला मानवते. ऊन पडलेच तर सोबतच्या छत्रीची सावली फुलावर धरावी, म्हणजे वाराही थोडा अडतो. भिजलेल्या पानांवरची पांढुरकी चकाकी पोलरायझर फिल्टरने कमी होते, परंतु त्यासाठी दीड-दोन स्टॉप प्रकाश खर्ची पडतो, हे लक्षात ठेवून ट्रायपॉड लावावा.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी सांगतो. तेरड्याचे चित्र बहुतेक जण उभ्यानेच, वरून घेतात आणि वरून तो गुलाबी ठिपक्यापलीकडे काही दिसत नाही. त्याच्याशेजारी उकिडवे बसून बाजूने पाहिले की फुलाच्या मागे वाकलेली, दोऱ्यासारखी बारीक नळी दिसते. तिच्यात मध असतो. पुढची पाकळी आणि ही नळी दोन्ही स्पष्ट हवी असतील तर लेन्सचे तोंड फुलाच्या बाजूशी समांतर धरावे आणि लेन्सचे छिद्र एफ ८ ते एफ ११ इतके लहान ठेवावे. इतक्या जवळून स्पष्टतेची खोली मोजक्या मिलिमीटरांची असते, त्यामुळे कॅमेरा किंचित तिरका झाला तरी नळी धूसर होते. तेरड्याचा रंग तीन दिवस, असे आपण म्हणतो ते फुलाच्या बाबतीतही खोटे नाही, म्हणून नुकतेच उमललेले फूल सकाळीच गाठावे.

प्रश्न : पावसाळा संपला की खारघरच्या टेकड्या पिवळ्या आणि रखरखीत होतात आणि माझा कॅमेरा पुढच्या जूनपर्यंत कपाटात राहतो. दर वर्षी कासच्या पठारावर जाणे जमत नाही. घराजवळ काय टिपता येईल?
– एक वाचक, खारघर, नवी मुंबई

उत्तर : आपण ज्या टेकडीला रखरखीत म्हणता, तिचेच वर्षभर चित्रण करावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. सहज पोहोचता येईल असा एखादा खडक किंवा बांध निवडावा आणि महिन्यातून एकदा तेथूनच, त्याच उंचीवरून, त्याच फोकल लांबीवर (म्हणजे झूम तेवढाच ठेवून), शक्यतो त्याच वेळी चित्र घेऊन तारीख लिहून ठेवावी. मार्चमध्ये वणव्याने काळा पडलेला उतार, जूनच्या पहिल्या सरींनंतरचे कोवळे पोपटी गवत आणि नोव्हेंबरातले पिकलेले सोनेरी गवत ही तीन चित्रे शेजारी ठेवली की एकेकट्या चित्रात न दिसणारा डोंगर दिसू लागतो. गवत टिपायला सूर्य कलल्यावर प्रकाशाच्या समोर उभे राहावे. तुरे कडांनी उजळतात, मात्र लेन्सवर थेट किरण पडू देऊ नयेत.

फुलांचा हंगामही संपत नाही. जानेवारीपासून काटेसावर आणि त्यामागोमाग पळस फुलतो. तेव्हा झाडावर पाने जवळजवळ नसतात, म्हणून निळ्या आकाशावर फांद्यांची रेघ स्वच्छ उठून दिसते. एप्रिल-मे महिन्यांत रस्त्याकडेचा बहावा बहरतो. त्याचे पिवळे घोस पांढरट आकाशावर विरून जातात, त्यामुळे इमारतीची सावली किंवा दाट झाड मागे येईल अशा जागी उभे राहावे. त्याच सुमारास आपले राज्यपुष्प ताम्हण फुलते. त्याच्या चुरगळलेल्या जांभळ्या पाकळ्या दुपारच्या उन्हात फिकट येतात, तेव्हा सकाळी आठच्या आत जावे. पनवेलच्या पुढे भाताची खाचरे आहेत. जुलैत लावणी, सप्टेंबरात निसवणारे भात आणि ऑक्टोबरात कापणीनंतर रचलेले भारे हे सारे तेथे मिळेल. शेतकऱ्याला आधी विचारावे, बांधावरूनच चालावे आणि काढलेले चित्र त्याला अवश्य दाखवावे.

कारवी या डोंगरउतारावरच्या झुडपासाठी मात्र धीर हवा. येऊरच्या डोंगरात ती २०१६ साली आणि त्यानंतर २०२४ साली फुलली. आठ वर्षांनी एकदाच फुलून, बी धरून ती वाळून जाते, म्हणजे पुढचा मोठा बहर २०३२ साली अपेक्षित आहे. तोवर तिच्या रोपांची वाढ दर पावसाळ्यात टिपत गेलात, तर फुलांच्या वर्षी आपल्याजवळ तिची सारी कहाणी असेल.

प्रश्न : फुलासमोर येणारे गवत उपटावे का?
– एक वाचक, कळवा

उत्तर : उपटू नये. त्याच गवताच्या बुडाशी पुढच्या पंधरवड्यात उगवणारे रोप दडलेले असते. एका भाद्रपदात कळलावीच्या वेलाभोवतालचे गवत कोणीतरी मुठी भरभरून उपटून टाकलेले मी पाहिले आहे. आधाराचे गवत गेल्यामुळे पानांच्या टोकाशी असलेले तणावे सुटून आख्खा वेल चिखलात पडला होता आणि त्यावरच्या पिवळट कळ्या लाल होण्याची वेळ आलीच नाही. कपडे वाळत घालायचे दोन चिमटे आणि थोडी सुतळी पिशवीत ठेवावी, आड येणारी पाती बाजूला घेऊन त्यांना हलकेच अडकवावे आणि चित्र घेऊन झाल्यावर निघण्यापूर्वी चिमटे आठवणीने काढून घ्यावेत.