तिसऱ्यांदा गॅस, नवी कॉइल की नवा एसी?

प्रश्न : मी नागपूरला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, पुढच्या मे अखेरीस निवृत्त होईन. घर स्वतःचं, वर गच्ची. बेडरूममध्ये 2013 साली घेतलेला दीड टनाचा साधा स्प्लिट एसी आहे. गेल्या दोन उन्हाळ्यांत दोनदा गॅस भरला, दोन्ही वेळा साडेतीन हजार गेले. आता मेकॅनिक म्हणतो, आतली कॉइल गळते. नवी कॉइल आणि गॅस मिळून 14,500. दुकानदार 5 स्टार इन्व्हर्टर एसी 46,000 ला ‘नो कॉस्ट’ हप्त्यांवर किंवा रोख 43,500 ला देतो, जुन्याचे 3,500 धरतो. वर्षाला तीस हजारांची वीज वाचेल, दीड वर्षात एसी फुकट, असं त्याने कागदावर मांडून दिलं. दिवसा आम्ही कूलरवर भागवतो, एसी फक्त रात्री. सासूबाई 82 वर्षांच्या आहेत, त्या त्याच खोलीत झोपतात. मुलगा म्हणतो, आधी सोलर लाव. बचत खात्यात 70,000 आणि दोन लाखांची एफडी आहे. काय करावं?

उत्तर : ताई, दुकानदाराचा कागद आधी बाजूला ठेवा. त्यात आकडेमोड चुकलेली नाही, उन्हाळा चुकला आहे. त्याने रोज 8 तास, 365 दिवस धरले. डिसेंबरात नागपूरला एसी कोण लावतं? तुमच्याच सांगण्यावरून हिशेब केला, तर एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत 75 रात्री, प्रत्येकी 8 तास, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात आणखी शंभरेक तास. झाले 700 तास. त्याने धरलेले 2,920.

तुमचा जुना एसी कॉम्प्रेसर बंद-चालू होत तासाला सरासरी 1.4 युनिट खातो असं मी धरतो. नव्या 5 स्टारवरच्या लेबलचा आकडा वर्षाला 1,600 तास गृहीत धरून काढलेला असतो. त्यावरून तासाला अर्धा युनिट निघतो. पण नवतपातलं (मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांतलं) नागपूर त्या लेबलात बसत नाही, म्हणून मी 0.8 धरतो. फरक तासाला 0.6, वर्षाला 420 युनिट. आता दर. एकूण बिल भागिले एकूण युनिट असा सरासरी दर इथे धरू नका. एसीचे युनिट दिवे-पंख्यांच्या वर चढतात, म्हणजे ते सगळ्यात महागड्या स्लॅबमधले. तुम्ही पाठवलेल्या गेल्या मेच्या बिलावरून, वहन आकार आणि 16 टक्के वीज शुल्क धरून, मी 17 रुपये लावले. वर्षाची बचत 7,140 रुपये. तीस हजार नव्हेत.

तरीही माझं मत नवा घ्या असंच आहे. कारण मात्र वीज नाही, ती गळती.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळला. गळती न शोधता दोनदा भरलेले सात हजार अक्षरशः हवेत गेले, आणि दोष तुमचा नाही, पहिल्याच खेपेला नायट्रोजनचा दाब देऊन तपासणी व्हायला हवी होती. बारा-तेरा वर्षांच्या कॉइलला भोक पडलं, तर तितकीच जुनी बाहेरची कॉइल आणि कॉम्प्रेसर रांगेत उभे आहेत. शिवाय त्या काळच्या यंत्रात बहुधा आर-22 गॅस असतो (बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर पाहा). ओझोनला मारक म्हणून तो जगभर हद्दपार होतोय, आणि त्याच्या जागी आजचा आर-32 जुन्या यंत्रात भरता येत नाही.

म्हणून 14,500 कडे ‘स्वस्त’ म्हणून पाहू नका. दुरुस्तीनंतर यंत्र तीन उन्हाळे चाललं, तर उन्हाळ्याला सुमारे 4,800 पडले. नव्याचे 43,500, त्यातून जुन्याचे 3,500 वजा, बसवण्याचे दोनेक हजार, झाले 42,000. दहा वर्षं चालला तर वर्षाला 4,200, वर वीज वाचते ती वेगळी. दुरुस्तीपेक्षा जास्तीचे 27,500 चार वर्षांच्या आत विजेतून भरून निघतात. इन्व्हर्टर एसीची एक दुखरी नस सांगून ठेवतो : त्याचं पीसीबी, म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड. वीज कमीजास्त झाली की ते जातं आणि दुरुस्ती काही हजारांत जाते. जुना स्टॅबिलायझर ठेवा, वर्षाला दीड हजार या कामासाठी बाजूला टाका. तेवढे वजा केले, तरी पारडं नव्याकडेच झुकतं.

आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रात आहे, पण तुम्ही ती हिशेबात घेतली नाही. निवृत्तीनंतर दुपारी तुम्हीही घरी असाल. जूनमध्ये हवा दमट झाली की कूलर नुसता वाफ मारतो, आणि 82 वर्षांच्या माणसाला तेव्हा ‘थोडं सोसा’ म्हणता येत नाही. तुमचे 700 तास हजाराकडे जातील. पगार चालू असताना हा खर्च उरकणं बरं.

स्टारबद्दल थोडं. 1 जानेवारी 2026 पासून एसीच्या स्टारचे निकष कडक झाले. त्यामुळे दुकानात पडून असलेला 2025 चा 5 स्टार आणि यंदाचा 5 स्टार एक नव्हेत. लेबलवरचा आयएसईईआर (ISEER) हा आकडा वाचा, तो जितका जास्त तितकी वीज कमी, आणि जुना माल असेल तर त्या बळावर भाव पाडा. सप्टेंबर 2025 मध्ये एसीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तेव्हा बिलात 18 च आहे ना, तेही बघा.

हप्ता नको. रोख 43,500 ची वस्तू 46,000 ला आणि वर प्रोसेसिंग फी. हप्ते बारा महिन्यांचे आणि फी जीएसटीसह सातशेच्या घरात असेल, तर व्याज वर्षाला साडेतेरा टक्क्यांच्या पुढे जातं. ‘नो कॉस्ट’ हे नाव कुणी ठेवलं देव जाणे. एफडीही मोडू नका, मुदतीआधी मोडल्यास दर कापतात. बचत खात्यातल्या पैशावर मोठ्या बँका आज अडीच टक्क्यांच्या आसपास देतात, तिथूनच द्या. उरलेल्या 28,000 मध्ये पुढच्या पगारांतून भर घाला, कारण सासूबाईंच्या औषधपाण्याला हाताशी रोकड लागेल.

मुलाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78,000 अनुदान मिळतं आणि आपल्या उन्हात तेवढी यंत्रणा दिवसाला 12 युनिटच्या आसपास देतं. पण सोलर लागल्यावर तुमचे महागडे युनिटच आधी गळून पडतात, म्हणजे 17 रुपयांचा माझा हिशेबही पडतो. म्हणून क्रम महत्त्वाचा. वर्षभरात सोलर नक्की लावणार असाल, तर आठेक हजारांनी स्वस्त असलेला 3 स्टार इन्व्हर्टर पुरे. सोलर न लावल्यास मात्र 5 स्टारचे जास्तीचे आठ हजार साडेतीन वर्षांत वसूल होतात. आधी एसीचं ठरवा, मग एका उन्हाळ्याची बिलं पाहून सोलर किती किलोवॉटचं ते ठरवा. उलट केलंत तर गरजेपेक्षा मोठं बसवाल आणि उरलेल्या विजेचा भाव फार थोडा मिळेल.

होळी झाली आहे, एप्रिल लागला की बसवणाऱ्यांची वाट पाहत बसाल. बसवताना नळ्यांतली हवा व्हॅक्यूम पंपाने काढायला सांगा, आणि ती काढेपर्यंत तिथून हलू नका. वॉरंटी कार्डावर कॉइल आणि गॅसचा उल्लेख आहे का, हे पैसे देण्याआधी वाचा. ‘दहा वर्षं’ हा मोठा आकडा बहुतेक वेळा एकट्या कॉम्प्रेसरचा असतो.